शरणागताचे दैन्य आणि परमेश्वराचा आधार

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आणि अनादि म्हणून निरूपिले. या चारही पदार्थांत जीवाची स्थिती सर्वाधिक परतंत्र आहे. तो अविद्येने बद्ध आहे, कर्माने वेढलेला आहे आणि स्वतःच्या बळावर या बंधनातून सुटण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी नाही. देवता समर्थ आहेत, परंतु त्यांचे सामर्थ्य आपापल्या अधिकारापुरते मर्यादित आहे. त्यांनी दिलेले फळ भोगून सरते. जीवाला बंधनातून सोडविणारा एक परमेश्वरच होय, आणि जीवोद्धरणाचे त्याला व्यसन आहे. व्यसनी मनुष्य जसा आपल्या व्यसनाचा विषय शोधीत हिंडतो, तसा परमेश्वर जीवाचे हित शोधीत अवतार स्वीकारतो.

हा सिद्धांत उपदेशी मंडळींना नवा नाही. निरूपण ऐकताना तो प्रत्येकाला मान्यही असतो. परंतु मान्य असणे आणि अंगी मुरणे यांत मोठे अंतर आहे. घरात दुखणे शिरले, पाऊस पाठ फिरवून गेला, सावकाराचा अथवा पतपेढीचा तगादा दारी आला, कर्ता पुरुष अकाली गेला, म्हणजे त्या सिद्धांताची परीक्षा होते. त्या वेळी जीव कोणाकडे पाहतो, कसा पाहतो आणि काय मागतो, यावरून त्याच्या ज्ञानाची खोली कळते. म्हणून दैन्य आणि परमेश्वराचा आधार या दोन गोष्टींचा विचार एकत्रच केला पाहिजे. दैन्यावाचून आधार घेता येत नाही, आणि आधार नसलेले दैन्य ही केवळ हताशता होय.

दैन्य आणि लाचारी

दैन्य हा शब्द व्यवहारात थोडा बिघडला आहे. दीन म्हणजे दरिद्री, केविलवाणा, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारा असा अर्थ लोक घेतात. परमार्थातील दैन्य याहून निराळे आहे. लोभापायी मनुष्यापुढे वाकणे ही लाचारी होय. आपले खरे स्वरूप ओळखून परमेश्वरापुढे नमणे हे दैन्य होय. लाचार मनुष्य मनातून ताठच असतो. काम साधले की त्याची मान पुन्हा वर होते. दीन भक्ताला मात्र काम साधल्यानंतर अधिकच नम्र व्हावेसे वाटते, कारण जे मिळाले ते आपल्या योग्यतेहून फार मोठे आहे, हे त्याला दिसत असते.

दृष्टांत शेतीचा घेता येईल. एकाच शिवारात, एकाच मृगाच्या पावसात, दोन शेते भिजतात. एक मुरमाड टेकाड आणि दुसरे सखल काळ्या मातीचे रान. पाऊस दोहोंवर सारखाच पडतो. टेकाडावरचे पाणी क्षणभर चमकते आणि वाहून जाते. सखल रानात तेच पाणी थांबते, मुरते आणि पुढे कार्तिकापर्यंत ओल धरून राहते. पावसाने पक्षपात केला असे कोणी म्हणत नाही. दार्ष्टांतिक असे की, परमेश्वराची कृपा सर्वांवर सारखीच आहे. जिथे मीपणाचा उंचवटा आहे तेथून ती वाहून जाते आणि जिथे दैन्याची सखलता आहे तिथे ती मुरते. रान सखल झाले म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. जाणता शेतकरी तेच रान आधी विकत घेतो.

गुडघ्याखाली आलेला ससा

लीळाचरित्रातील सशाची लीळा लहानमोठ्यांना ठाऊक आहे. शिकाऱ्यांनी एका सशामागे कुत्री सोडली. ससा जीव घेऊन धावला आणि वृक्षाखाली आसनस्थ असलेल्या श्रीचक्रधर स्वामींच्या गुडघ्याखाली येऊन लपला. मागोमाग शिकारी आले आणि त्यांनी आपले सावज मागितले. स्वामींनी ते दिले नाही. शरण आलेल्याला मरण येऊ देता येत नाही, हे त्यांनी शिकाऱ्यांना समजावले. रानातले गवत खाऊन आणि झऱ्याचे पाणी पिऊन जगणाऱ्या निरपराध जीवाला मारण्यातला अन्याय त्यांच्या ध्यानी आणून दिला. शिकाऱ्यांचे मन पालटले, त्यांनी हिंसा सोडली, आणि मग स्वामींनी त्या सशाला आदराने संबोधून मोकळे केले.

या लीळेत शरणागतीचे संपूर्ण शास्त्र सामावलेले आहे. सशाने स्वामींपुढे काय आणले? त्याच्यापाशी पुण्य नव्हते, विद्या नव्हती, स्तुती करण्यास वाणी नव्हती. आपण शरण आलो आहोत, एवढे सांगण्याचीही त्याला सोय नव्हती. त्याच्यापाशी एकच गोष्ट होती. आपल्या पायांचे बळ आता पुरणार नाही, ही जाणीव. पायांत बळ होते तोवर तो झुडपातून झुडपात पळाला. ते बळ संपले तेथे तो गुडघ्याखाली आला. स्वबळाचा अभिमान जिथे संपतो तिथे शरणागतीचा आरंभ होतो, हे या मुक्या प्राण्याने दाखवून दिले.

दुसरी गोष्ट अशी की, गुडघ्याखाली आल्यावर ससा तिथेच राहिला. कुत्री समोर उभी होती, शिकाऱ्यांचे बोलणे चालू होते. तरी त्याने पुन्हा निसटून दुसरे झुडूप गाठण्याची धडपड केली नाही. बहुतेक माणसांचे येथेच चुकते. ती परमेश्वराला शरण जातात, परंतु चार दिवसांत मनासारखे घडले नाही की गुडघ्याखालून निघून दुसऱ्या आडोशाला धावतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. स्वामींनी सशाला मोकळे केले ते त्याच रानात. रान बदलले नाही. त्या रानात दुसरे शिकारी येणार नाहीत असे वचन कोणी दिले नव्हते. शरणागतीने जीवाचे प्रारब्ध एका क्षणात पुसले जाते आणि पुढचे आयुष्य निष्कंटक होते, अशी समजूत करून घेणारे लवकरच निराश होतात. शरणागतीने रान नाहीसे होत नाही. रानात आपला आश्रय कोठे आहे ते कळते.

श्रीमद्भगवद्गीतेतही हेच दिसते. अर्जुन हा त्या काळचा श्रेष्ठ धनुर्धर. परंतु तो धनुष्य टाकून रथात बसला, आपली बुद्धी चालत नाही असे कबूल करून शिष्य झाला, तेव्हाच भगवान श्रीकृष्ण चक्रवर्तींच्या मुखातून उपदेश प्रकटला. गर्वाने ताठ असलेल्या दुर्योधनालाही भगवंतांचे दर्शन घडले होते, भाषणही घडले होते; उपदेश मात्र पचला नाही. आणि उपदेश ऐकल्यावर अर्जुनापुढचे युद्ध टळले काय? अठरा दिवस त्याला लढावेच लागले, पुत्राचा मृत्यूही पाहावा लागला. फरक एवढाच पडला की रथाचे वेग कोणाच्या हाती आहेत, हे त्याला ठाऊक होते.

आर्ती आणि नवस

येथे एक शंका सहज उत्पन्न होते. दुःख हे जीवाच्या कर्माचे फळ आहे आणि ते फळ देवतांच्या द्वारे भोगावे लागते, तर परमेश्वरापाशी दुःखनिवारणाची याचना करावी की करू नये? काही अभ्यासक म्हणतात, ज्याच्यापाशी मोक्ष मागावयाचा त्याच्यापाशी ताप उतरविण्याची मागणी करणे हे अज्ञान होय. हे म्हणणे सिद्धांताच्या दृष्टीने खोटे नाही. ज्ञान, प्रेम आणि मोक्ष हेच परमेश्वराचे खरे दान. त्यापुढे संसारातील सुखे कोंड्यासारखी आहेत.

परंतु लीळांकडे पाहिले तर परमेश्वर अवतार जीवाच्या ऐहिक दुःखाविषयीही उदासीन नव्हते. रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या ठायी मातंगांनी पाण्यासाठी विनवणी केली. गावात पाणी होते, पण ते त्यांच्यासाठी नव्हते. श्रीप्रभूंनी ती विनवणी स्वीकारली. त्यांनी दाखविलेल्या जागी विहीर खणली गेली आणि तिला पाणी लागले. पाण्यावाचून तळमळणाऱ्या माणसाला, तू मोक्षच माग, असे श्रीप्रभू म्हणाले नाहीत. म्हणून आर्ती प्रकट करण्यात दोष नाही. लेकराने आईजवळ रडावे यात अपराध कसला?

दोष आहे तो सौदा करण्यात. आर्ती आणि नवस यांतला भेद स्पष्ट समजून घेणे प्रत्येक वासनिकाला आवश्यक आहे. नवसात किंमत ठरलेली असते. अमुक घडले तर तमुक देईन. आर्तीत देण्यासारखे आपल्यापाशी काही नाही, ही कबुली असते. नवसाला मुदत असते. आर्तीला मुदत नसते. नवस फळला नाही तर नवस करणारा दुसऱ्या उंबऱ्याकडे जातो; आर्त भक्ताला दुसरा उंबरा ठाऊकच नसतो. नवस करणाऱ्याला वाटते की त्याने देवाला कामाला लावले. आर्त भक्ताला वाटते की देवाने त्याचे ऐकून घेतले, हेच पुष्कळ झाले.

अन्यव्यावृत्तीचा नियम याच प्रकाशात पाहिला पाहिजे. देवताचक्रात एक्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा देवता शास्त्राने सांगितल्या आहेत. त्यांचा द्वेष करण्यास शास्त्र सांगत नाही, त्यांचे अस्तित्व नाकारण्यासही सांगत नाही. त्यांच्या आश्रयाला जाऊ नये एवढेच सांगते. निरोगी दिवसांत हा नियम पाळणे सोपे असते. मूल तापाने फणफणते, शेजारीण येऊन अमुक ठिकाणी उतारा टाकण्यास सांगते, तमुक भगताकडून गंडा आणण्यास सुचविते. त्या रात्री हा नियम पाळणे कठीण जाते. तेथे मातेच्या व्याकुळतेला कठोर शब्द लावणे सोपे आहे; तिच्या उशाशी बसून नामस्मरण करणे आणि सकाळ होण्याची वाट न पाहता मुलाला वैद्याकडे नेण्यास हातभार लावणे हे खरे धर्मबंधूचे काम होय. वैद्याचे औषध घेणे ही अन्यगती नव्हे. औषध हा प्रपंचातील पदार्थ असून प्रपंचातील रोगावर योजावयाचा आहे. गंडा मात्र जीवाची अनन्यता बांधून टाकतो.

भागवताच्या पहिल्या स्कंधात कुंतीने भगवंतापाशी विपत्ती मागितल्याची कथा आहे. विपत्तीतच त्यांचे दर्शन घडते, म्हणून ती पुन:पुन्हा यावी, अशी तिची मागणी. ती कथा थोर आहे. तथापि सामान्य जीवाने कुंतीचे अनुकरण करून दुःख मागावयास जाऊ नये. आपण दुःख पचवू शकू, हाही एक सूक्ष्म गर्वच आहे. न मागता आलेले दुःख परमेश्वराला विसरू न देता सोसता यावे, एवढे मागणे सामान्य जीवाला पुरेसे आहे.

भरवसा आणि प्रयत्न

दुसरी शंका व्यवहारी लोकांची असते. परमेश्वरावर भार टाकला तर मनुष्य आळशी होईल, असे ते म्हणतात. रिद्धपूरच्या त्या विहिरीतच या शंकेचे उत्तर आहे. जागा श्रीप्रभूंनी दाखविली. खणणे माणसांच्या हातांनीच झाले. कुदळ न मारता बसून राहिलेल्याला दाखविलेल्या जागीही पाणी मिळत नाही. आणि दाखविणारा नसला तर दहा ठिकाणी कुदळ मारूनही कातळच लागतो.

धूळपेरणी करणारा शेतकरी हे भरवशाचे उत्तम उदाहरण आहे. पाऊस आलेला नसतो, आभाळात ढगाची रेघही नसते. तरी तो रान नांगरून, वखरून तयार करतो आणि सुक्या मातीत बी टाकतो. घरातले चांगले बियाणे धुळीत टाकणे ही साधी गोष्ट नव्हे. आपले काम त्याने पुरे केलेले असते. पाऊस पाडणे आपले काम नाही, हेही त्याला ठाऊक असते. आणि एकदा पेरले की रोज माती उकरून तो बी पाहत नाही. प्रयत्न पुरा, फळाविषयी अधिकार सोडलेला आणि मधल्या काळात उकराउकरी नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे त्याला भरवसा म्हणावे. ज्याचा प्रयत्न अपुरा आहे त्याचा भरवसा म्हणजे आळस. जो फळावर अधिकार सांगतो त्याचा भरवसा म्हणजे हट्ट. जो रोज उकरून पाहतो त्याचा भरवसा म्हणजे संशय.

आणि पाऊस आलाच नाही तर? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण तो खरोखर येत नाही अशी वर्षे या महाराष्ट्राने पाहिली आहेत. पेरलेले बी मातीतच जळते. तेव्हा शेतकरी पुढच्या मृगाची वाट पाहतो. माती सोडत नाही. भक्तानेही इच्छिलेले न मिळाल्यास परमेश्वराला सोडू नये. मागितलेले मिळाले नाही म्हणजे कोणी ऐकले नाही, असे होत नाही. कोणते दुःख टळले असता जीवाचे हित आहे आणि कोणते भोगून सरले असता हित आहे, हे जीवाला दिसत नाही. ज्याला दिसते त्याच्या हाती आपला हात असावा, एवढेच जीवाला करता येते.

विद्येचे आणि वैराग्याचे ओझे

दैन्याचा उपदेश केवळ संसारी जनांसाठी आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. संसारी मनुष्याला संसारच पावलोपावली नमवीत असतो. त्यागी आणि विद्वान यांना नमविणारे कोणी नसते, म्हणून त्यांनी अधिक सावध असले पाहिजे.

सराळ्याचे म्हाइंभट हे मोठे पंडित होते. वाद करावा आणि जिंकावे, या हेतूने ते श्रीचक्रधर स्वामींकडे आले. स्वामींपुढे त्यांच्या पांडित्याचे दारिद्र्य त्यांना कळून आले. मुमुक्षूची लक्षणे सांगणे निराळे आणि ती आपल्या अंगी असणे निराळे, हे उमगले आणि वादी शिष्य झाला. परंतु म्हाइंभटांचे खरे मोठेपण त्यानंतर दिसते. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर त्याच पंडिताने स्वामींच्या आठवणी गोळा करण्याचे व्रत घेतले. ज्याने ज्याने स्वामींना पाहिले होते त्याच्या त्याच्याकडे ते गेले आणि एकेक लीळा विचारून घेतली. सांगणारे सर्वच पंडित नव्हते. कित्येक साधे, निरक्षर स्त्रीपुरुष होते. शास्त्रार्थात कोणापुढे न वाकणारे म्हाइंभट त्या साध्या माणसांपुढे श्रोता होऊन बसले, म्हणून लीळाचरित्र हा ग्रंथ मराठीला आणि पंथाला लाभला. ती नम्रता नसती तर विद्वत्ता असूनही तो ग्रंथ झाला नसता.

पंडित केशवराज सूरी संस्कृतात ग्रंथरचना करण्यास समर्थ होते आणि त्यांनी ती केलीही. आचार्य श्रीनागदेव भटोबासांनी मात्र त्यांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, कारण त्यायोगे स्वामींच्या परिवारातील साध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकल्या असत्या. पंडिताच्या कीर्तीपेक्षा म्हाताऱ्या बायांचे कल्याण मोठे, हा निवाडा आचार्यांनी दिला आणि पंडिताने तो मानला. निवाडा देणाऱ्याची करुणा आणि तो मानणाऱ्याचे दैन्य, अशा दोन गुणांवर या पंथाची मराठी वाङ्मयपरंपरा उभी आहे.

वैराग्याचेही असेच ओझे होते. एकादश स्कंधात अवंतीच्या भिक्षूची कथा आहे. आधी तो धनलोभी कृपण होता. धन गेले, सोयऱ्यांनी पाठ फिरविली, आणि तो भिक्षू होऊन निघाला. लोकांनी त्याचा छळ केला, त्याच्या भिक्षान्नाची विटंबना केली. त्याने विचार करून ठरविले की आपल्या दुःखाला ना हे लोक कारण, ना देवता, ना ग्रह, ना काळ. मनच कारण आहे. या कथेतील बोध भिक्षुकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. घर सोडले, वस्त्र बदलले, तरी लोकांनी केलेल्या अपमानाने मन पेटत असेल, तर सोडावयाचे मुख्य ते अजून सुटलेले नाही. माझ्यासारखा आचरणशील दुसरा नाही, हा विचार ज्या क्षणी येतो त्या क्षणी आचरणाचे टेकाड होते आणि कृपेचे पाणी वाहून जाऊ लागते.

पसरलेला हात

महानुभाव भिक्षुकाला भिक्षेचा विधी आहे. झाडातळी राहावे, अनोळखी प्रदेशात फिरावे, घरे न निवडता झोळी पुढे करावी, मिळेल ते घ्यावे आणि न मिळाल्यास राग न धरता पुढे जावे. उदरनिर्वाह एवढाच या विधीचा हेतू असता तर त्यासाठी अन्य पुष्कळ मार्ग होते. भिक्षा हा दैन्याचा नित्याचा अभ्यास आहे. ‘माझे काही नाही आणि माझ्यावाचून कोणाचे अडलेले नाही’ हे जीवाला रोज एकदा तरी शिकविले पाहिजे, म्हणून हात पसरावयाचा.

या विधीतून वासनिकानेही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दारी आलेल्या भिक्षुकाला जो आदराने अन्न वाढतो, तोच गृहस्थ स्वतःवर प्रसंग आला असता हात पसरावयास लाजतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील असंख्य कुणबी कुटुंबे खडी फोडण्यास, रस्त्याच्या आणि पाझर तलावाच्या कामावर गेली. ज्यांच्या घरी एरवी चार गडी राबत ते त्याच गड्यांच्या शेजारी हातोडा घेऊन बसले, सुकडीवर आणि तांबड्या मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. त्या वर्षी पुष्कळांची प्रतिष्ठा धुळीला मिळाली. पण माणसे जगली, कारण सर्वांनी मिळून वाकणे पत्करले.

आज संकट निराळे रूप घेऊन येते. दुष्काळ सर्व गावावर येतो. कर्ज एकेका घरावर येते. ज्याच्यावर येते तो ते झाकतो. चार माणसांत मान जाईल, मुलीचे लग्न मोडेल, भावकी हसेल, या भयाने तो बोलत नाही. ज्या विदर्भ-मराठवाड्याच्या भूमीत परमेश्वर अवतारांची चरणांकित स्थाने पावलोपावली आहेत, त्याच भूमीत गेल्या काही दशकांत किती शेतकऱ्यांनी कोणाला काही न सांगता आपले जीवन संपविले, हे सर्वांना माहीत आहे. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु जिवंत असणाऱ्यांनी यातून शास्त्रार्थ घेतला पाहिजे. अहिंसेचा विधी मुंगीपासून सुरू होतो. त्यात आपला स्वतःचा देहही येतो. हा देह जीवाने कमावलेली मालमत्ता नव्हे. परमेश्वराने उद्धारासाठी दिलेली संधी आहे. कर्ज देहाचे असते, जमिनीचे असते, सात-बाऱ्यावर असते. जीवावर त्याचा बोजा चढत नाही. ज्याने परमेश्वरापुढे आपण असमर्थ आहोत असे एकदा कबूल केले, त्याला भावापुढे, शेजाऱ्यापुढे, धर्मबंधूपुढे आपली अडचण सांगण्यात अपमान वाटण्याचे कारण उरत नाही. दैन्याचा हा व्यवहारातला उपयोग फार मोठा आहे; ते माणसाला बोलते करते, आणि बोलता झालेला मनुष्य बहुधा वाचतो.

सांगणाऱ्याने दैन्य धरावे, तसे ऐकणाऱ्यानेही धरावे. भिक्षेला गेलेल्या महात्म्याने झोळीत काय पडले एवढेच पाहू नये. वाढणाऱ्या हाताची चूल कशी आहे तेही पाहावे. आठ दिवस मठात अथवा आश्रमात न दिसलेल्या वासनिकाच्या घरी कोणीतरी जाऊन यावे. परमेश्वराचा आधार आभाळातून दोर सोडल्यासारखा येत नाही. बहुधा तो दारात उभ्या राहिलेल्या मनुष्याच्या रूपाने येतो.

असन्निधानातील आधार

सशाला गुडघ्याचा आश्रय मिळाला, मातंगांना श्रीप्रभूंचे श्रीमुख दिसले. आजच्या जीवाला तो योग नाही. हा असन्निधानाचा काळ आहे. मग आधार घ्यावा कोठे? या प्रश्नाचे उत्तर पंथाने देऊन ठेवले आहे. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने असन्निधानातील जीवासाठी आहेत. ज्या भूमीला श्रीचरण लागले ते स्थान. ज्या वस्तूला श्रीकराचा संबंध घडला तो प्रसाद. जो त्या मार्गाने चालतो तो भिक्षुक. आणि ज्याच्या मनात त्या मार्गाची वासना आहे तो वासनिक. या चारही ठिकाणी नमस्कार करावयाचा असतो हे विशेष आहे. ओट्यापुढे दंडवत घालताना सर्व अंग भूमीला लागते. टेकाड सखल करण्याची ही रोजची मशागत होय. मात्र शरीर भूमीला लागले आणि मन उभेच राहिले, असे होऊ देऊ नये.

या चारींच्या जोडीला अखंड स्मरण आहे. स्मरणाचे सामर्थ्य पंथाने संकटातच अनुभवले आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या धाडीत पंथाच्या पोथ्या हरवल्या, तेव्हा लीळाचरित्र पुन्हा उभे राहिले ते ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून. कागद गेला, स्मरण उरले. आणि स्मरणातून कागद पुन्हा झाला. व्यक्तीच्या जीवनातही असेच घडते. शेत जाते, घर जाते, आप्त जातात. ज्याचे नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण शाबूत आहे त्याचे मूळ शाबूत आहे. मात्र धाड पडल्यावर पाठांतर करू म्हटले तर ते होत नाही. ते सुखाच्या दिवसांतच करून ठेवावे लागते. ज्याने बऱ्या दिवसांत नित्यनेम सांभाळला त्यालाच वाईट दिवसांत नाम आठवते.

सारांश, जीव असमर्थ आहे, परमेश्वर समर्थ आहे आणि तो कृपाळू आहे, या तीन गोष्टी मनाला पटणे हेच दैन्य. प्रयत्न पुरा करावा, फळ त्याच्यावर सोडावे, सौदा करू नये, दुसरा उंबरा शोधू नये. संकट आले असता ते धर्मबंधूंपासून लपवू नये, आणि दुसऱ्याचे संकट दिसले असता न पाहिल्यासारखे करू नये. पायांत बळ असतानाच आश्रयाची जागा ओळखून ठेवावी. कारण कुत्री मागे लागल्यावर ससा ज्या जागी गेला ती जागा त्याला नशिबाने सापडली होती. उपदेशी जीवाला ती शास्त्राने आधीच दाखविलेली आहे.

दंडवत प्रणाम.